जयश्रीची फणी

जयश्री केळी खात नसे. ती सावद्याची, केळीच्या घरातली. वडिलांचं केळी भरायचं शेड, घरामागे बागा, आणि ही मुलगी केळं समोर आलं की दोन बोटांनी बाजूला सारायची. "नको वं." जळगावच्या वसतिगृहात राहायला आलो त्या दिवशी तिच्या वडिलांनी सगळ्या मुलींसाठी एक अख्खा घड आणून व्हरांड्यात टांगला होता. आम्ही सगळ्या त्याच्याभोवती, आणि ती लांब उभी राहून चपलेचा अंगठा नीट करत होती. मला वाटलं, ज्याच्याकडे खूप असतं त्यालाच असं नको म्हणता येतं.

तिच्याबद्दल मी बनवलेलं ते पहिलं मत. पुढे कॉलेज संपेपर्यंत मी ते बदललं नाही.

आमची खोली एकच होती. खोलीत दोन खाटा, एक खिडकीशी, एक दाराशी. ती माझ्या आधी आली होती, तरी तिने दाराची खाट घेतली होती. मी विचारलं, "तुला खिडकी नको का?" ती म्हणाली, "नको वं, तू घे." मी घेतली. खिडकीतून कडुलिंब दिसायचा आणि उन्हाळ्यात तिथूनच थोडा वारा यायचा. दाराच्या खाटेवर मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीचा पाय लागायचा. मी पुन्हा तेच म्हटलं मनात. हिच्या घरी भरपूर खिडक्या असतील.

माझं घर धुळ्याजवळच्या एका खेड्यात. आमच्याकडे कापूस, थोडी बाजरी. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मावशी जळगावजवळ असोद्याला दिलेली होती, ती म्हणाली, "पोरगी माझ्या डोळ्यासमोर राहील," म्हणून आप्पा जळगावला पाठवायला तयार झाले. मी इंग्रजी विषय का घेतला, याचं खरं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. शाळेत मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटायची, म्हणून असेल.

जयश्री बोलायची जळगावच्या पूर्वेकडची बोली आणि मी बोलायची अहिराणी. दोघी जळगावात प्रमाण मराठी बोलायचा प्रयत्न करायचो, पण खोलीचं दार लागलं की आपापल्या भाषेवर यायचो.

"माले साबण दे व," मी म्हणायची.

"माले काय वं? मले म्हन, मले."

"तुमनं मले खोटं शे. आमनं माले खरं."

"बाप रे, धुळेकरीण चिडली!" असं म्हणून ती साबण माझ्या खाटेवर फेकायची. ती हसायची सगळ्यांच्या नंतर. सगळे हसून थांबले की हिचं सुरू व्हायचं, आणि मग बाकीच्यांना पुन्हा हसायला लागायचं. मी पाहिलं आहे, लोक तिच्या हसण्याची वाट बघायचे.

आमच्या विभागात पिंगळे मॅडम होत्या. त्यांचा शनिवारी दुपारी एक जादा वर्ग असे. खेड्यातून आलेल्या मुलींसाठी, वसतिगृहाच्याच खालच्या हॉलमध्ये. त्यात एकच काम चालायचं. प्रत्येकीने इंग्रजीत आपलं एक वाक्य फळ्यावर लिहायचं, आपल्या घरचं, आपल्या गावचं, आणि बाकीच्यांनी ते दुरुस्त करायचं. स्पेलिंग, काळ हे सगळं मॅडम लवकर उरकायच्या. त्यांचा जीव स्वल्पविरामात. "तुम्हाला शब्द येतात," त्या म्हणायच्या, "ते कुठे सोडायचे ते येत नाही." मॅडम पुण्याकडच्या. बोलणं मोजकं. हजेरीलाही नाव एकदाच घ्यायच्या, पुन्हा हाक मारायच्या नाहीत.

मी पहिल्या शनिवारी लिहिलेलं वाक्य असं होतं: माय व्हिलेज, इज नियर धुळे, अँड, माय फादर, ग्रोज कॉटन, इन द फील्ड.

आमच्या गावच्या गुरुजींनी सांगितलं होतं, जिथे श्वास घ्यावा लागतो तिथे स्वल्पविराम द्यायचा. मी ते मनापासून पाळत आले होते. आता कळतं की मी घाबरट, चार लोकांपुढे वाचायला उभी राहिले की माझा श्वास दर दोन शब्दांनी तुटायचा. त्यामुळे माझी सगळी वाक्यं अशी ठेचकाळत चालायची.

मॅडम फळ्याकडे बघून म्हणाल्या, "दीपाली, तुझ्या वाक्याला दमा आहे."

वर्ग हसला. जयश्री तेव्हा हसली नाही, आणि नंतरही हसली नाही. ती उठली, डस्टर न घेता बोटानेच एकेक स्वल्पविराम पुसत गेली आणि 'धुळे'च्या पुढचा तेवढा ठेवला. मग वाक्य मोठ्याने वाचलं. माझंच वाक्य, माझेच आप्पा, माझाच कापूस. पण तिच्या तोंडून ते एखाद्या पुस्तकात छापलेलं असावं असं ऐकू आलं.

मॅडम म्हणाल्या, "बघा."

एवढंच. मॅडम जास्त कौतुक करत नसत. पण ते 'बघा' मला मिळावं म्हणून मी पुढे काय काय केलं! व्याकरणाची जुनी पुस्तकं ग्रंथालयातून आणून नियम पाठ केले. सुरुवातीला प्रस्तावनेसारखा तुकडा आला की त्याच्यापुढे द्यायचा. यादीत द्यायचा. माणसाला हाक मारली की द्यायचा. कुठे अपवाद, कुठे अपवादाला अपवाद. मेसच्या रांगेत उभी राहून मी नियम पुटपुटायची. सुट्टीत घरी गेले तरी चुलीपुढे बसून तेच. माय म्हणाली, "बठ्ठं येस तुले, मंग रडस कसाले?" मी रडत नव्हते, धूर होता. पण माय फार चुकली होती असंही नाही.

आणि जयश्री? ती दुपारी झोपायची. तोंडावर ओढणी घेऊन, गाढ. तिला एकही नियम सांगता यायचा नाही. मी शिकत होते आणि तिला येत होतं. या दोन गोष्टींमध्ये किती अंतर आहे ते ज्याच्या शेजारच्या खाटेवर अशी मुलगी झोपते त्यालाच कळेल.

एकदा मी न राहवून विचारलं, "तुला कसं कळतं गं?"

ती खाटेवर उठून बसली. केस विस्कटलेले. "काय कसं कळते?"

"कुठे द्यायचा ते."

तिने माझी वही ओढली. त्यात माझ्या भावावरचं वाक्य होतं. माझा एकुलता एक भाऊ सुरतेला कामाला आहे. मी लिहिलं होतं: माय ब्रदर, हू वर्क्स इन सुरत कम्स होम फॉर दिवाळी. 'ब्रदर'च्या पुढे दिला होता, 'सुरत'च्या पुढे नव्हता.

"आता हे बघ," ती म्हणाली. "हा घड आहे." तिने डावा हात वर धरला, जणू घडाचा दांडा धरलाय. "घडातून फणी काढतात ना? आमच्या शेडमध्ये बाया काढतात. फणी म्हणजे काय, एका बुडाला धरलेली दहा-बारा केळी. ती काढली तरी घड उभा राहतो. तुझं हे सुरतेचं काढलं तर वाक्य उभं राहते का?"

मी मनात काढून पाहिलं. माझा भाऊ दिवाळीला घरी येतो. "राहतं."

"मग ती फणी. फणीले एकीकडून चाकू लावला आन् दुसरीकडून नही लावला तर ती लोंबकळत राह्यते. दोन्हीकडून काप." आणि तिने उजव्या हाताने हवेत दोन वेळा कापलं, खाली-खाली, झटकन. "आन् एक. केळं कापायचं नही. तू केळं कापते. माय व्हिलेज, इज. हे एक केळं होतं, तू मधून चिरलं."

तेवढ्यात दुसरं एक वाक्य तिला दिसलं. ऊन होतं, आम्ही घरी गेलो, असं मी दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडून लिहिलेलं. ती म्हणाली, "दोन घड सुतळीनं बांधले तर त्याचा एक घड होतो का वं?"

मला त्या क्षणी सगळं समजलं. आणि इतकं वाईट वाटलं! मी महिनोन्महिने पुस्तकात शोधत होते ते हिच्या घरामागच्या बागेत लटकत होतं. आमच्या कापसाला फणी नसते. बोंड फुटलं की वेचायचं, एकेक, ओणवं राहून. माझं शिकणंही तसंच झालं होतं.

हाताने कापायची तिची ती सवय सगळीकडे चालायची. बसस्टँडवर माईकवरून बाई गाड्यांची गावं एका दमात सांगायच्या, आणि जयश्री बाकावर बसून प्रत्येक गावानंतर हवेत कापायची. समोरचे म्हातारे आजोबा तिला म्हणाले, "पोरी, माशी बसतेय का गं?" ती म्हणाली, "नाही आबा, बाईंना श्वास देतेय." आजोबा हसले आणि पुढच्या गाडीच्या वेळी त्यांनीही एकदा कापून बघितलं. ती अशी होती. अनोळखी माणूस तिच्याबरोबर खेळायला लागायचा. मी त्याच बाकावर त्याच आजोबांशेजारी तासभर बसले असते तर आम्ही दोघे गाडीची वाट बघत गप्प बसलो असतो.

एका रविवारी ती मला सावद्याला घेऊन गेली. तिच्या घरी खिडक्या होत्या, पण मला वाटल्या तेवढ्या नव्हत्या. जेवायला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. तिची आई भाकरी घेऊन आली की जयश्री म्हणायची, "नको वं आई." आई जायची नाही. तिथेच उभी राहायची. "घे ना वं." मग जयश्री ताट पुढे करायची. पुन्हा भरीत आलं, पुन्हा नको, पुन्हा आई उभी, पुन्हा ताट पुढे. मला त्यांचं ते गमतीचं वाटलं. आमच्याकडे कोणी विचारत नाही, सरळ ताटात वाढतात. मला आईने एकदा विचारलं आणि मी हो म्हणाले, तर सगळे हसले. "धुळ्याकडची पाहुणी एका बोलात ऐकते," तिचा मोठा भाऊ म्हणाला.

जेवण झाल्यावर तिचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणायचे, मोबाइल घेऊन आले. दुबईकडच्या व्यापाऱ्याला मेल लिहायची होती. जयश्रीने ओटीवर बसून ती लिहिली, मधूनच हवेत हात चालवत.

"वाच पाहू," नाना म्हणाले.

तिने वाचली. नानांना त्यातला एकही शब्द कळला नसेल, पण ते डोळे मिटून ऐकत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिनं लिहिली ना, तिकडचा माणूस उलटा प्रश्न नही इचारत. माल लगेच उचलतो. आधीचा पोऱ्या लिहायचा तर चार चार फोन यायचे, की बाबा, तुझं म्हणणं काय?"

भाऊ म्हणाला, "म्हणून तर तिले शिकवलं. कॉलेज झालं की ये म्हणावं इकडे, टेबल तयार आहे."

"टेबलावर पंखा लागेल मले," जयश्री म्हणाली, आणि सगळे हसल्यावर ती हसली.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. माझं इंग्रजी आमच्या घरात कोणाच्याही कामाचं नव्हतं. आप्पा माझी उत्तरपत्रिका हातात धरून तिचे गुण तेवढे बघायचे. आणि हिच्या इंग्रजीची वाट बघत सावद्यात एक टेबल उभं होतं. त्या दिवशी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा 'बघा'च्या दिवशीही वाटला नव्हता.

शेवटच्या वर्षी मॅडम निवृत्त होणार होत्या. शनिवारचा वर्ग बंद पडू नये म्हणून त्यांनी संस्थेशी बोलून एक सोय केली. एका मुलीने तो वर्ग पुढे चालवायचा, आणि तिला एम.ए. होईपर्यंत वसतिगृहात खोली आणि जेवण. मला हे कळलं तेव्हा माझा पुढचा रस्ताच मला दिसला. आप्पांनी बी.ए.पर्यंतचं कबूल केलं होतं. त्यापुढचं विचारायची माझी हिंमत नव्हती, आणि त्यांची ऐपत नव्हती. तो वर्ग मिळाला तर मी विचारायची गरजच नव्हती, नुसतं सांगायचं होतं. नाही मिळाला तर जूनमध्ये मी गावी, कापसाच्या लागवडीला.

जयश्रीला खोलीची काय गरज? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला इतक्या वेळा विचारला!

मॅडमनी आम्हा दोघींना पहिल्या वर्षाच्या मुलींवर एकेक शनिवार दिला. आधी माझा. मी सगळे नियम ओळीने फळ्यावर लिहिले, प्रत्येकाला उदाहरण. एकही चूक नव्हती. मागच्या बाकावरच्या दोघी एकमेकींची वेणी घालत होत्या. मी ते पाहिलं आणि माझा श्वास पुन्हा दर दोन शब्दांनी तुटायला लागला.

पुढच्या शनिवारी जयश्री आली ती खांद्यावर घड घेऊन. पहाटेच्या एसटीने तो सावद्याहून आला होता. तिने तो पंख्याच्या हुकाला सुतळीने टांगला, मुलींना भोवती घेतलं आणि एकीच्या हातात चाकू दिला. एकीने वाक्य म्हणायचं, दुसरीने कापायचं. चुकीच्या जागी चाकू लागला की फणी तुटून केळी खाली, आणि सगळ्या ओरडायच्या. वेणीवाल्या दोघी सगळ्यात पुढे होत्या. तास संपला तेव्हा नुसता दांडा लटकत होता आणि मुली केळी खात वाक्यं म्हणत होत्या. मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्या हसत होत्या. मॅडमना हसताना मी एरवी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

सोमवारी त्यांनी आम्हाला बोलावलं. माझ्यासमोरच म्हणाल्या, "जयश्री, वर्ग तू घे."

माझ्या डोळ्यासमोर जूनमधली कापसाची लागवड आली. पण खोटं का सांगू, मला तो निकाल चुकीचा वाटला नाही. तेच जास्त लागलं.

जयश्री जमिनीकडे बघत म्हणाली, "नको मॅडम."

"नक्की?" असंही त्यांनी विचारलं नाही. मॅडमच्या जगात नको म्हणजे नको. त्या माझ्याकडे वळल्या. "दीपाली, मग तू."

"हो मॅडम," मी म्हणाले. मी एका बोलात ऐकणारी.

बाहेर आल्यावर मी जयश्रीला विचारलं, "का नाही म्हणालीस?" ती म्हणाली, "मले कुठी वेळ वं? तिकडे टेबल आहे, पंखा पण लावला म्हणे." आणि माझ्या पाठीवर थाप मारून पुढे गेली. मला आनंद व्हायला हवा होता. आप्पांना फोन केला, ते नुसतं हं हं करत राहिले, इतके खूश होते. आणि मी मनात म्हणत होते, हिने मला खिडकी दिली, आता वर्ग दिला. हिला जे नको असतं तेच नेहमी माझ्या वाट्याला येतं.

ती सावद्याला गेली. मी एम.ए.ला लागले, शनिवारचा वर्ग घ्यायला लागले. सुरुवातीला नियम लिहून पाहिले. मग एक दिवस माझा डावा हात आपोआप वर गेला, दांडा धरल्यासारखा, आणि मी म्हणाले, "हा घड आहे असं समजा." मुलींनी माना वर केल्या. तेव्हापासून आमच्या वर्गात फणीच चालते. माझा हातही हवेत कापतो आता. कापसाच्या घरातली मी, दर शनिवारी केळीच्या फण्या कापते.

गेल्या हिवाळ्यात ती मला बसस्टँडवर अचानक भेटली. बँकेच्या कामाला जळगावला आली होती. बारीक झाली होती. कानाशी फोन, कोणाशी तरी गाडी अडकल्यावरून वाद चालला होता. मला बघून तिने फोन बंद केला आणि "धुळेकरीण!" म्हणून अशी ओरडली की कंडक्टरने वळून पाहिलं.

मी चहा आणायला निघाले. "नको वं, गाडी लागेल आता," ती म्हणाली.

मी आमच्या गावच्या सवयीने ऐकलंच नाही. दोन ग्लास आणले, एक तिच्या हातात ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि उभ्या उभ्या सगळा प्यायली, शेवटच्या घोटापर्यंत, सकाळपासून काही पोटात नसल्यासारखा. मी तिच्याकडे बघत राहिले. मला तिची आई आठवली, भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिलेली. घे ना वं. आणि ताट पुढे येताना जयश्रीचा चेहरा.

मग एकेक करून बाकीचं आठवलं. खिडकीची खाट. मी एकदाच विचारलं होतं. आणि मॅडमनी देऊ केलेला वर्ग. मॅडमनी तर विचारलंही नव्हतं, नुसतं ऐकून घेतलं होतं. तिच्या घरी पहिल्या नकोला कोणी उत्तर समजतच नव्हतं. मी आणि मॅडमनी मात्र समजलं.

"वर्ग कसा चाललाय?" तिने विचारलं. ग्लास रिकामा झाला तरी हातातच होता. "पोरी कशा आहेत? फळा तोच आहे का, डावीकडे तडकलेला?"

"तोच आहे. तू एखाद्या शनिवारी ये ना वर्गाला."

"नको वं. मले कुठी वेळ."

तिची गाडी फलाटाला लागली होती. लोक चढत होते. मला ठाऊक होतं, आता पुन्हा विचारलं तर ती येईल. आणि आली तर काय होईल तेही ठाऊक होतं. माझ्या मुली तिला बघतील. एक शनिवार बघतील आणि त्यांना कळेल की त्यांना आजवर जे मिळालं ते कोणाचं उसनं घेतलेलं आहे. मला तो वर्ग हवा होता. माझ्याजवळ माझा म्हणावा असा तेवढाच होता.

ती पायरीवर चढली. कंडक्टरने घंटी मारली.

"ये ना वं," मी म्हणाले. तिच्या बोलीत, का कोणास ठाऊक.

ती दारातच थांबली. मागचा माणूस ओरडला, "ताई, आत व्हा की!" ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "येऊ?"

ती आली. पुढच्याच शनिवारी, खांद्यावर घड घेऊन. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. तिने घड टांगला, तडकलेल्या फळ्यावरून एकदा हात फिरवला, आणि पुढचा सगळा वेळ माझ्या मुली माझ्या नव्हत्या. त्या इतक्या हसत होत्या! माझ्या वर्गात त्या शहाण्यासारख्या ऐकतात. हसत नाहीत. मी टाळ्या वाजवल्या, केळी गोळा केली, आणि छातीत तीच जुनी कळ, पहिल्या वर्षासारखी ताजी. मला वाटलं होतं, तिच्या नकोचा अर्थ समजल्यावर ती कळ जाईल. गेली नाही.

एक मुलगी, तिसऱ्या बाकावरची, केळं सोलत मोठ्याने म्हणाली, "दीपालीताई, या तर तुमच्यासारखंच शिकवतात!"

जयश्रीने माझ्याकडे पाहिलं. तिचा हात हवेत तसाच राहिला होता.

"मी यांच्यासारखं शिकवते," मी म्हणाले. "हे सगळं यांचं आहे."

मग सगळ्यांच्या नंतर हसणारी ती या वेळी सगळ्यांच्या आधी हसली.

निघताना मी तिला एक केळं पुढे केलं. "नको वं," ती म्हणाली. मी तिच्या आईसारखी तिथेच उभी राहिले. "घे ना वं." मला आता सगळं समजत होतं.

"अगं खरंच नको," ती म्हणाली. "केळं बघितलं की मळमळते मले. लहानपणापासून."

मी ते केळं हातात धरून उभी राहिले आणि ती फाटकाकडे निघाली. मुली तिच्याभोवती. एकीने तिची पिशवी घेतली होती, एक तिला आपलं वाक्य म्हणून दाखवत होती, आणि चालता चालता जयश्रीचा उजवा हात वर-खाली होत होता. वळणावर ती दिसेनाशी झाली, त्यानंतर अजून आमची भेट नाही. मुली तिच्याबरोबर आधी फाटकापर्यंत गेल्या, मग रस्त्यापर्यंत, मग बसस्टँडच्या बाजूने आणखी थोड्या पुढे. मला सोडायला त्या हॉलच्या दारापर्यंतही कधी आल्या नाहीत.

परवा तिचा फोन आला होता. मी तिला पुन्हा बोलावलं. ती नको म्हणाली. मी फोन ठेवला नाही.